‘लीव्ह’ शब्दाचा बुधवार

आमच्या वर्गात दर बुधवारी एकच शब्द शिकवायचा, हा नियम मीच केला होता. म्हाताऱ्या माणसांना एका बैठकीत एकाहून जास्त परके शब्द पचत नाहीत, असे कारण मी सांगत असे. खरे कारण असे, की एकाहून जास्त शब्दांची खात्री मलाच देता येत नाही. तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत मी एका शब्दकोशाची मुद्रिते तपासली. इंग्रजी शब्दापुढे आमच्या भाषेतले अर्थ ओळीने मांडलेले असत. स्वल्पविराम जागेवर आहे का, एखादे अक्षर उलटे पडले आहे का, एवढेच मी पाहायचो. अर्थ ठरवणारे लोक वरच्या मजल्यावर बसत. त्यामुळे आजही कुणी मला ‘मास्तर’ म्हणून हाक मारली, की आपल्या मागे कोण उभे आहे ते वळून पाहावेसे वाटते.

वर्ग भरतो छ्वानचौ या चिनी बंदराच्या जुन्या वस्तीत, ज्येष्ठांच्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली जुने संथ गाणे शिकणारी मंडळी बसतात. त्यांच्या गाण्यात एक अक्षर इतके लांबते, की पुढचे अक्षर येईपर्यंत ऐकणाऱ्याचा डोळा लागतो. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून धुके येते, लाल विटांच्या छपरांवरून सरकत आमच्या खिडकीपर्यंत पोहोचते. अशा वेळी खालचे बासरीचे सूर धुक्यातून येतात की धुकेच त्या सुरांमधून येते, ते मला कधी नीट कळलेले नाही. वर्गात आम्ही सगळे थोडे झोपेत असतो, असे म्हटले तरी चालेल. मला तो वर्ग त्यासाठीच आवडत असे.

तो वर्ग मी सोडणार होतो. माझी मुलगी श्वेनिंग देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, लान्चौला असते. तिथे समुद्र नाही, पाऊस नाही, नळ सोडला की पाणीसुद्धा कोरडे वाटते. नव्या वर्षाच्या आधी मी तिच्याकडे कायमचे राहायला यावे असे तिचे म्हणणे होते. मी हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. वर्गाला मात्र सांगून टाकले, की हा बहुधा माझा शेवटचा महिना. सगळे म्हणाले, मुलगी गुणी आहे हो, नशीब काढलंत. आमच्याकडे पाहुणा जायला उठला, की यजमान त्याची बाही धरतो, चहा पुन्हा ओततो, “एवढ्यात कुठे?” म्हणतो. तोंडदेखले का होईना, त्याला ठेवून घेतो. माझी बाही कुणी धरली नाही. कुणी म्हणजे कोण, हे लिहायला या वयात लाज वाटते. पण ते लिहिले नाही तर पुढचे काहीच कळणार नाही. शी वानरू हिने धरावी, असे मला वाटत होते.

वानरू प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगी मेलबर्नला आहे आणि नातीला आमची बोली येत नाही, म्हणून ती इंग्रजी शिकायला आली. मेलबर्नहूनही ‘आई, इकडे ये’ असा धोशा चालू होता. ती जाणार की नाही हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते. वर्ग सुटला, की आम्ही दोघे कालव्याच्या पुलापर्यंत बरोबर चालत असू. तिथून ती डावीकडे जाई आणि मी उजवीकडे. चालताना काय बोलायचो? ती विचारी, अमुक शब्दाला अनेकवचन का नाही? मी म्हणे, मला नक्की माहीत नाही. ती म्हणे, बघून ठेवा. इतकेच. पण त्या ‘बघून ठेवा’साठी मी आठवडाभर कोश चाळत असे.

त्या बुधवारी शब्द होता ‘लीव्ह’. मी तो फळ्यावर लिहिला.

“परत ओठ चावायचा शब्द,” फूदादा म्हणाले. ते बस चालवायचे. अजूनही बाकावर बसताना आधी डावीकडचा आरसा पाहिल्यासारखी मान वळवतात. “म्हणतो हं. ली... फू. लीफू!”

“व्ह, दादा. वरचे दात खालच्या ओठावर.”

“दात असते तर इथे कशाला आलो असतो? लीफू. अहो, पण हे माझंच नाव की! ‘ली’ म्हणजे जाणं आणि पुढे ‘फू’. फू, चालता हो!”

“बायको रोज तेच सांगते ना तुम्हाला?” क ताई म्हणाल्या. त्या मासळीबाजारात बसायच्या. आवाज अजून बाजारातच आहे. “आज इंग्रजीत कळलं, एवढंच.”

हसणे ओसरल्यावर मी सांगू लागलो. आमच्या भाषेत दोन शब्द आहेत. एक ‘ली’, म्हणजे निघून जाणे. दुसरा ‘लिउ’, म्हणजे राहणे, ठेवणे, पाहुण्याला ठेवून घेणे. उच्चारताना एकात ओठ ताणलेले राहतात आणि दुसऱ्यात शेवटी गोल होतात. अंतर तेवढेच. पण अर्थाने ते एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. ‘लिउ’च्या अक्षरात तर खाली चक्क शेत काढलेले आहे. ज्याच्या पायाखाली शेत, तो कुठे जाणार? इंग्रज माणसाला मात्र दोन्हींसाठी हा एकच शब्द पुरतो. बस सुटली, तर बसने लीव्ह केले. छत्री घरी राहिली, तर आपण छत्री लीव्ह केली.

“थांबा, थांबा,” फूदादा म्हणाले. “म्हणजे गेलं कोण आणि राहिलं कोण?”

“माणूस गेला, छत्री राहिली.”

“आणि शब्द एकच?”

“एकच.”

“मग साहेबाच्या बायकोला कसं कळतं, नवरा गेलाय की घरात पडलाय?”

“वाक्यात पुढे काय येतं त्यावरून,” मी म्हणालो. “हा शब्द एकटा काही सांगत नाही. पुढचा शब्द येईपर्यंत थांबावं लागतं.”

मला वाटते, हे वाक्य मी बरे बोललो. पण त्यानंतर मी भूतकाळ सांगायला गेलो आणि घोटाळा झाला. ‘लेफ्ट’ म्हणजे गेला, ‘लेफ्ट’ म्हणजे उरला आणि ‘लेफ्ट’ म्हणजे डावा, हे ऐकून फूदादांनी कपाळाला हात लावला. “गेलेला, उरलेला आणि डावा! अहो, हा तर आमचा जावई!”

वानरू हसली नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती. धुके समोरच्या छपरावरचे मातीचे सिंह एकेक करून पुसत चालले होते. मला त्यानंतर एक महत्त्वाची सूचना द्यायची होती. आमचे लोक छोट्या कोशात ‘लिउ’ शोधतात, तिथे त्यांना ‘लीव्ह’ सापडतो, आणि मग पाहुण्याला ठेवून घ्यायलाही ते तोच शब्द वापरतात. तसे करू नका, माणसापुढे तो शब्द लावला तर अर्थ होतो ‘मी तुला सोडून जाते’, एवढे मला सांगायचे होते. ते मी सांगितले का? आजही शपथेवर सांगता येत नाही. मीही त्या सिंहांकडे पाहत होतो. तोंड उघडल्याचे आठवते. आवाज निघाला की नाही, ते आठवत नाही.

शेवटी नेहमीप्रमाणे प्रत्येकाने फळ्यावर एक वाक्य लिहायचे होते. बरोबर असेल तर मी खूण करायची, चूक असेल तर फुली. फुली मी कधीच मारत नाही. कडेला ‘जवळजवळ’ असे लिहितो.

फूदादांनी लिहिले, ‘बस लीव्ह. आय लेफ्ट.’ बस गेली, मी उरलो. क ताईंनी लिहिले, ‘लीव्ह मी फिश हेड.’ माझ्यासाठी माशाचे डोके ठेवा. दोघांनीही शेवटी आमच्या पद्धतीचे, पूर्णविरामाचे पोकळ वर्तुळ काढले. इंग्रजीत भरीव टिंब असते, हे मी दोन वर्षे सांगत आलो आहे. आता त्या वर्तुळांची सवय झाली आहे. ती निदान दिसतात तरी.

मग वानरू उठली. तिचे अक्षर शाळेतल्या बाईंचे, सरळ, रेघ न आखताही रेघेवर चालणारे. तिने लिहिले, ‘टीचर, आय लीव्ह यू’.

क ताईंनी ते मोठ्याने वाचले. मग वर्ग हशाने फुटला.

“बाई मास्तरांना सोडून चालल्या!” फूदादा ओरडले. “मास्तर, तुम्ही जायच्या आत तुम्हालाच सोडलं हो!”

“गप्प बसा, लीफू!” क ताई म्हणाल्या, पण त्यांचेही खांदे हलत होते.

वानरूसुद्धा हसली. हात खाली केला, खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. मी तिघांच्या वाक्यांसमोर उभा राहिलो. फूदादांना ‘जवळजवळ’ दिले. क ताईंना खूण केली. तिसऱ्या वाक्यापुढे माझा हात नुसताच राहिला.

“हे... पुढच्या बुधवारी बघू,” मी म्हणालो.

त्या दिवशीही आम्ही पुलापर्यंत बरोबर चाललो. डावीकडे वळताना वानरू एवढेच म्हणाली, “बघून ठेवा.”

तो आठवडा मी कसा काढला, ते मलाच नीट सांगता येत नाही. मी फिरत होतो, इतके खरे. नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर जाऊन बसलो. ओहोटी होती. खांबांना चिकटलेली कालवांची शिंपली चिखलात चमकत होती. बायका वाकून ती काढत होत्या, आणि धुक्यात त्यांच्या डोक्यावरची फुलेच तेवढी दिसत, जणू फुलेच चिखलात फिरून काही शोधताहेत. मी बसून तेच वाक्य उलटसुलट वाचत होतो.

वाक्य बरोबर असेल, तर ती मेलबर्नला चालली आहे. मला ते तिने सगळ्यांसमोर, हसत, शुद्ध भाषेत सांगितले आहे. वाक्य चूक असेल, तिने छोट्या कोशात ‘लिउ’ पाहून लिहिले असेल, तर त्याचा अर्थ ‘मास्तर, मी तुम्हाला ठेवून घेते’. तेव्हा तिने माझी बाही धरली आहे, फक्त खडूने. सगळ्या आयुष्यात मी दुसऱ्यांच्या ओळी बिनचूक असाव्यात म्हणून डोळे फोडले. आता पहिल्यांदाच एखादी ओळ चुकलेली असावी असे मनापासून वाटत होते. आणि मी ती सूचना दिली असेल, तर ती चुकणे शक्यच नव्हते. गणिताच्या बाई एकदा ऐकलेले विसरत नाहीत. म्हणजे माझे सगळे भवितव्य मी त्या दुपारी तोंड नीट उघडले होते की नाही, यावर टांगलेले.

दुपारी डुलकी लागली तर स्वप्नातही सुटका नाही. मी एक अक्षर झालो होतो, कोशाच्या पानावर उभा. पायाखाली शेत होते. कुणीतरी हळूहळू ते शेत खोडत होते आणि मी म्हणत होतो, अहो, मुद्रित तपासून झाले आहे, आता बदल करता येणार नाहीत. वरच्या मजल्यावरून कुणी उत्तर देत नव्हते.

श्वेनिंगचा व्हिडिओ कॉल आला.

“बाबा, गाडीची तिकिटं संपत आलीत. सणाची गर्दी आहे. काढू ना?”

“आज नको.”

“काल पण ‘आज नको’च होतं.”

“एक वाक्य तपासायचं राहिलंय.”

ती पडद्याच्या जवळ आली. “बाबा, निवृत्त झालात ना तुम्ही?”

“हो.”

“मग वाक्य कुणाचं?”

मी म्हणालो, आवाज तुटतोय. तो तुटत नव्हता.

शेवटी धीर करून मी वानरूच्या घरी गेलो. निमित्त म्हणून संत्री घेतली होती. ती अंगणात बसून नर्गिसाचे कंद कोरत होती. आमच्याकडे सणाला ते पाण्यात फुलवतात. कंद सुरीने एका बाजूने नेमका सोलला, तर पाने वाकडी, नाचरी होतात आणि फूल बरोबर नव्या वर्षाच्या दिवशी उमलते. चुकून आतला कोंब कापला गेला, की संपले.

“बसा. बोलू नका, हात हलेल,” ती म्हणाली.

मी बसलो. सुरीखाली पापुद्रे निघत होते, ओले, जवळजवळ पारदर्शक. वाडग्यातल्या पाण्यात आभाळाचा एक राखाडी तुकडा पडला होता. मला वाटले, असेच बसून राहिलो तर तिकिटे आपोआप संपतील आणि मला काही बोलावेच लागणार नाही.

“बोला आता,” कंद पाण्यात ठेवत ती म्हणाली.

“तुम्ही... कोणता कोश वापरता?”

“तुम्हीच दिलेला. छोटा.”

“आपल्या भाषेतून इंग्रजीत? की इंग्रजीतून आपल्या?”

“दोन्हीकडून उघडतो तो. मास्तर, संत्री घेऊन कोशाची चौकशी करायला आलात?”

“नाही, म्हणजे... ते वाक्य.”

“हां. चुकलंय का?”

“ते अवलंबून आहे.”

“कशावर?”

“तुम्हाला काय म्हणायचं होतं, त्यावर.”

तिने सुरी पुसली. “मी पोरांना गणित शिकवलं. पोरगं फळ्यावर लिहायचं, मी खूण करायचे नाहीतर फुली. ‘बाळा, तुझ्या मनात काय होतं’ असं विचारत बसले असते, तर पोरं बेरीज शिकली असती का?”

“भाषा म्हणजे गणित नाही.”

“पण तपासणारा तर माणूसच ना? दोन वर्षांत तुम्ही मला एकसुद्धा फुली दिली नाही. सगळं आपलं ‘जवळजवळ’. मला माझ्या मुलीला सांगता येत नाही, इंग्रजी येतं की नाही येत. जवळजवळ येतं म्हणते.” ती उठली. “तपासा. काय वाटेल ते करा, पण काहीतरी करा. आणि नीट वाचा. कोशात काम करायचात म्हणे.”

तिने संत्री ठेवून घेतली. मला चहा दिला. निघताना मी दारात उगाच थोडा रेंगाळलो. ती कंदाकडे पाहत होती.

बुधवार आला. सणाच्या आधीचा तो शेवटचा वर्ग. त्या खोलीतला फळा माझ्याशिवाय कुणी पुसत नाही, त्यामुळे तिन्ही वाक्ये तशीच होती, दमट हवेने जरा फुगलेली. खाली गाणे सुरू झाले होते. फूदादा भाजलेले शेंगदाणे वाटत होते.

“आधी मागची बाकी,” ते म्हणाले. “बाईंच्या वाक्याचा निकाल लावा. माझी बायको रोज विचारते.”

मी खडू उचलला. आता लिहितो ते पराक्रम म्हणून नाही. पहिला फटका फळ्याऐवजी चौकटीला लागला. पण मी फुली मारली. मोठी, वेडीवाकडी, ‘टीचर’पासून ‘यू’पर्यंत. मग वर्गाकडे न पाहता म्हणालो, “हे वाक्य चूक आहे. पाहुण्याला ठेवून घ्यायचं असेल, तर हा शब्द चालत नाही. हे... हे चूकच असलं पाहिजे.”

कुणी शेंगदाणा फोडला नाही.

“असलं पाहिजे?” वानरू मागून म्हणाली.

“हो.”

“म्हणजे व्याकरणानं? की तुमची इच्छा म्हणून?”

मी खडू बोटांत फिरवत राहिलो. ती उठून आली. फुलीकडे तिने बराच वेळ पाहिले, आणि मला वाटले, ती खूश झाली आहे.

“छान मारलीत,” ती म्हणाली. “पण फुली चुकली. मास्तर, मी टिंब दिलं होतं का?”

मी पाहिले. फूदादांच्या वाक्याशेवटी वर्तुळ होते. क ताईंच्याही होते. तिच्या वाक्याशेवटी काहीच नव्हते. ‘यू’, आणि पुढे काळा फळा. जन्मभर टिंबे शोधणाऱ्या माणसाला, आठवडाभर तेच वाक्य डोळ्यांसमोर असून, ते दिसले नव्हते.

“वाक्य अर्धं आहे,” ती म्हणाली. “हे लीफू ओरडले, सगळे हसले, मी पण हसले, आणि मग पुढचं लिहायची लाज वाटली. म्हटलं, मास्तर वाचतील, विचारतील, पुढे काय? तुम्ही आठवडाभर फिरत बसलात.”

“मग आता लिहा ना, बाई!” क ताई म्हणाल्या. “जीव टांगणीला लावलाय मेला सगळ्यांचा.”

वानरूने माझ्या हातातला खडू घेतला आणि ‘यू’पुढे लिहिले, ‘अ बोल’. मग भरीव, गोल, बिनचूक इंग्रजी टिंब दिले.

टीचर, आय लीव्ह यू अ बोल. मास्तर, मी तुमच्यासाठी एक वाडगा ठेवते.

व्याकरणाने त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पण आमच्यापैकी कुणाचे लक्ष आता व्याकरणाकडे नव्हते. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आमच्याकडे सगळे घर एका टेबलाभोवती जमते. जो दूरदेशी आहे, येऊ शकत नाही, त्याचाही वाडगा मांडतात, वर जेवायच्या काड्या ठेवतात. तो वाडगा रिकामाच राहतो, पण मांडतात. ती तिच्या मुलीचा मांडते, हे मला ठाऊक होते. म्हणजे तिचे वाक्य पुरे होऊनही पुरे झाले नव्हते.

मी हळू आवाजात विचारले. वर्ग ऐकत होता, पण मी फक्त तिलाच विचारत होतो. “हा वाडगा गेलेल्यासाठी, की येणाऱ्यासाठी?”

“ते मांडणाऱ्याला विचारायचं नसतं,” ती म्हणाली. “मांडणाऱ्यानं मांडायचा. भरायचा की रिकामा ठेवायचा, ते तुम्ही लान्चौला असाल की इथे, त्यावर.”

“आणि मेलबर्न?”

“मेलबर्नला जाईन आणि परत येईन. नातीला बघायला जायचं, तिथे मरायला नाही जायचं. तुम्हाला ‘थांबा’ म्हणायला मला लाज वाटते, मास्तर. तुमची मुलगी आहे, तिचा हक्क पहिला. म्हणून वाडगा म्हटलं.”

“मास्तर,” फूदादा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती, “मी बस चालवली आहे. दारात एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उभ्या असलेल्या माणसाला मी सांगायचो, बसा नाहीतर उतरा. गाडी तेवढ्यासाठी उभी राहत नाही.”

मी फळा पुसायचे फडके घेतले आणि माझी फुली पुसू लागलो. जपून पुसत होतो, अक्षरांना धक्का लागू नये म्हणून. तरी ‘लीव्ह’ थोडा फिकट झालाच. पुसता पुसता म्हणालो, “मला मुळ्याचा भात आवडतो. कालवं घातलेला.”

क ताईंनी बाकावर थाप मारली. खालच्या मंडळींनी गाणे थांबवून वर काय झाले म्हणून माणूस पाठवला.

संध्याकाळी मी श्वेनिंगला फोन लावला. म्हणालो, सणाला येत नाही, कायमचाही येत नाही. उन्हाळ्यात महिनाभर येईन, तिथे उन्हाळा बरा असतो म्हणे.

“बरं,” ती म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये मला तिचे लहानपणीचे रुसणे ऐकू आले, आणि वाईट वाटले. निर्णय घेतला की कुणाला तरी लागतोच. मी निर्णय टाळत आलो ते बहुधा याचसाठी.

“तिथे एकटे काय करणार?” तिने विचारले.

“जेवायला बोलावलंय.”

“कुणी?”

“एका विद्यार्थिनीनं.”

“विद्यार्थिनी? केवढी आहे?”

“सत्तर ओलांडली.”

पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसू. “बाबा, तुम्ही तिला इंग्रजी शिकवता, की ती तुम्हाला?”

“नक्की सांगता येत नाही,” मी म्हणालो, आणि ते खरे होते.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी उजेड असतानाच मी निघालो. गल्ल्यांमधून तळलेल्या मांसाचा, आल्यात शिजलेल्या बदकाचा वास तरंगत होता. दारांवर शुभवचनांच्या नव्या लाल कागदी पट्ट्या ओल्या खळीने चमकत होत्या. धुके इतके खाली आले होते, की लोक गुडघ्यापर्यंतच खरे वाटत होते, त्याखाली नुसते चालणे. मला भीती वाटत होती, की मी तिच्या दारापर्यंत पोहोचेन आणि तिथे दार नसेल. दार होते. उघडेच होते.

नर्गिसाला फुले आली होती. देवापुढे भाताचा वाडगा, त्यात खोचलेले लाल कागदी फूल. आमच्या बोलीत ‘वसंत’ आणि ‘उरणे’ यांचा उच्चार एकच आहे, म्हणून त्या भाताला वसंताचा भात म्हणतात आणि तो न संपवता पुढच्या वर्षासाठी उरवतात. टेबलावर तीन वाडगे मांडलेले होते. एक तिचा. दुसऱ्यावर काड्या आडव्या ठेवल्या होत्या. तो मेलबर्नचा. तिसऱ्याच्या काड्या बाजूला, हात लावायला सोप्या.

“कुठे बसू?” मी विचारले. जागा एकच मोकळी होती, तरी विचारले.

“मास्तर!” ती म्हणाली.

मी बसलो. तिने झाकण काढले. मुळ्याच्या भाताची वाफ सरळ वर न जाता आडवी पसरली, रिकाम्या वाडग्यावरून, फुलांवरून, आणि थोडा वेळ तिचा चेहरा दिसेना. नुसती पळी दिसत होती, माझ्या वाडग्याकडे येणारी. एक पळी, मग दुसरी. इतर कुणाच्या घरी असतो, तर पहिल्याच पळीला मी हात आडवा धरला असता. मी वाडगा थोडा पुढे सरकवला.